तुलनेचं गाव

कुलथे सरांनी यादी दिली चौदा गावांची.
दोन निवडायची होती.
एक, जिथे आपण सगळं करू:
लस, जंताचं औषध, जातिवंत बोकड, खनिजाची वीट चाटायला.
आणि दुसरं, जिथे काही म्हणजे काहीच करायचं नाही,
दर तीन महिन्यांनी जाऊन वजन तेवढं घ्यायचं.

निकष छापलेले होते.
बारमाही रस्ता. पन्नासावर शेळीवाली कुटुंबं.
दवाखाना दहा किलोमीटरच्या आत.
हंगामी स्थलांतर नसावं.

पिंपळनेर मागे पडल्यावर हिलालभाऊ गिअर बदलत म्हणाला,
"ताई, बारमाही रस्ता ज्या गावले शे,
त्या गावमा आते बकऱ्या कोठे? फटफट्या शेतस."

खरंच होतं.
डांबर संपलं तिथून लेंड्या सुरू झाल्या,
आधी वाळक्या, मग ओल्या, काळ्या मण्यांसारख्या.
आणि बाभळींवर, हिवरांवर
मागच्या दोन पायांवर उभ्या राहून
तोंड पोचेल तिथवर
शेळ्यांनी सरळ रेषेत कातरलेला पाला.
ती रेघ धरून आम्ही गावं शोधली.
नकाशा मागच्या सीटवर, सुरळीतच.

आंबाझिरी आणि बोरटेक. मध्ये एकच टेकडी.
तेच कुसळी गवत, तोच आटलेला नाला,
तेवढीच मरतुक पावसाळ्यात.
दवाखाना सतरा किलोमीटर. मी दहा लिहिलं.
माणसं दसऱ्यानंतर ऊस तोडायला बारडोलीकडे जातात.
त्या रकान्यात लिहिलं, "अंशतः".

कुठलं गाव कुठल्या बाजूला, हे नशिबावर सोडायचं
म्हणजे आपला हात लागत नाही, असं शिकवलेलं.
बॉनेटवर हिलालभाऊचं पाचाचं नाणं.
पहिल्यांदा ते वायपरला टेकून उभंच राहिलं.
दुसऱ्यांदा छापा.
आंबाझिरीला बोकड मिळाला.

बोरटेकात ठगीबाई मालचे.
मुलगा-सून उसावर, पदरात एक नात, नऊ शेळ्या.
एकेक शेळी झोळीत घालून मी ताणकाट्याला टांगली,
चारी पाय हवेत, डोळे आडव्या फटीचे,
साडेएकवीस, एकोणीस, चोवीस.
"तुम्ही आमले काय देशात?"
काही नाही, आजी.
"मंग आमनी बकरीस्नं वजन कसाले?"
मी समजावलं.
तिकडच्या शेळ्या वाढल्या
हे कळायला इकडच्या न वाढलेल्या लागतात.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मग पुढची शेळी कानाला धरून आणली,
कारण मी पाहुणी होते.

तिसऱ्या फेरीला आंबाझिरीत लस टोचली.
शंभर मात्रांची बाटली, शेळ्या एकोणनव्वद.
एकदा कालवलेली लस दोन तासांत संपवायची असते.
टेकडी ओलांडायला पाऊण तास.
मी घड्याळ पाहिलं. हिलालभाऊनं मला पाहिलं.
बोरटेकच्या अलीकडे नाल्यात उतरले
आणि अकरा मात्रा वाळूत ओतल्या.
वाळू काही बोलली नाही, लगेच प्यायली.

ठगीबाईकडे आता सहा शेळ्या होत्या.
"नाक गळे, हागवण लागे, तीन दिनमा ग्यात."
मी तीन ओळींत वजनाच्या जागी रेघ मारली.
अहवालात पुढे त्याच रेघांचं वाक्य झालं:
दोन गावांतला फरक ठळक, स्थळनिवड योग्य.
कुलथे सरांनी पेन्सिलीनं त्यावर बरोबरची खूण केली.

पण त्या दिवशी, निघताना,
तिनं थर्माकोलच्या डब्याकडे बोट केलं.
"तेमा काय शे?"
बर्फ, मी म्हणाले.
खोटं नव्हतं.
"मंग इतलासा दे ना ताई, नातले दखाडसू."

मी मुठीएवढा खडा काढून दिला.
तिनं तो पदरात धरला, अंड्यासारखा,
आणि झोपडीकडे चालू लागली, मार्चच्या उन्हात, भरभर.
धुळीवर थेंब पडत गेले.
सहा शेळ्या मागोमाग,
थेंब हुंगत.